जन्मठिकाण

मागच्या वेळी हुबळी गाठावी लागली होती,
पहाटे चारला, पिशवीत भाकरी आणि जादा शर्ट.
यंदा कडोलीहून सातची बस,
कॅम्पातल्या पोस्टात साडेनऊचा नंबर.
एवढं जवळ आलंय परदेश.

फॉर्म भरला गणपत गल्लीतल्या पोरानं.
पंधराशे फी, दोनशे त्याचे.
जन्मठिकाण?
बेळगाव, म्हटलं.
त्यानं यादी वरखाली फिरवली.
"तसं नाही ह्यात, मामा."
जुन्या पुस्तकात बेलगाम होतं,
लगाम नसलेलं, तेही गेलं.
आता बेळगावी.
मी कुठंच हललो नव्हतो.
दवाखान्यात ज्या खाटेवर जन्मलो
तीसुद्धा असेल बहुतेक तिथंच, गंजत.

तिकिटांच्या खिडकीला वळसा घातला की आतली खोली.
लोखंडी खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या,
एक उठला की सगळी ओळ हलते.
शेजारी खानापूरकडची बायजाक्का,
लेक मस्कतला, सातवा महिना.
कागदांच्या पिशवीत डिंकाची पुडी, आताच.
"फोटोला कुंकू पुसायला लावतात काय ओ?"
नाही, म्हटलं. हसायचं नाही फक्त.
हे ऐकून ती हसली,
आणि आत गेली तरी हसू आवरेना तिला.

"हेसरु एन्री?"
भरमा नागाप्पा पावशे.
बाईंनी आधार बघितलं, जुनं पुस्तक बघितलं,
परत आधार.
"इल्लि एच इल्ला."
शाळेच्या दाखल्यावर मी भरमा,
आधार काढणाऱ्याच्या कानाला बरमा.
बरमा मी कारखान्यात रोज हातात धरतो,
उद्यमबागेत, लोखंडाला भोक पाडायला.
माझ्या नावातली हवा कधी गेली
कळलंच नाही,
सायकल पंक्चर झाल्यावरही माणूस थोडा पुढं जातोच.

कोर्टापुढं लिंबाच्या झाडाखालचा नोटरी
शंभरच्या स्टँपवर ती परत भरून देतो:
भरमा आणि बरमा ही एकच व्यक्ती असे.
बायकोला वाचून दाखवलं.
"ह्याला शंभर कशाला? मी सांगितलं असतं की."

अकराव्या दिवशी काकतीहून हवालदार.
मूळचा गोकाककडला, मराठी मोडकी खरं गोड.
शेजारचा मोनाप्पा आणि डेअरीचा लगमण्णा,
दोन सह्या.
"केस काय हाय काय?"
नाही, म्हटलं.
कॉलेजात असताना एका नोव्हेंबरात
दंडाला काळी फीत बांधली होती,
तिचा रंग शर्टाला लागला, आई ओरडली.
तेवढीच केस.
ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

चहा बशीत ओतत म्हणाला,
"दम्मामला भाषा कुठली बोलता?"
हिंदी. मल्याळी थोडी. अरबी शिव्यांपुरती.
"मग बरं. तिथं भांडण नाही."
गेटापाशी थांबला, चप्पल घालता घालता, हळू आवाजात:
थोरली नर्सिंगला आहे,
फॉर्मला किती दिवस लागतात?
मी त्याला गणपत गल्लीतल्या पोराचा नंबर दिला.
त्यानं पाकिटातली पावती काढून
तिच्या पाठीवर लिहून घेतला, कन्नडमध्ये.

नवं पुस्तक पोस्टमननं हातात दिलं, सही घेतली.
जुन्याचा कोपरा कापलाय,
बकऱ्याच्या कानाला खूण करतात तसा.
दोन्ही एकाच प्लास्टिकात ठेवलीत,
बेलगामचा एक, बेळगावीचा एक,
आणि विमानात बसणार तिसराच.

दम्मामच्या खोलीत कोट्टायमचा शाजू आहे.
गेल्या खेपेला पहिल्या रात्री त्यानं विचारलं होतं,
गाव कुठलं?
सांगितलं.
पहिल्याच झटक्याला बरोबर म्हणाला तो, ळ सकट.
त्यांच्यात आहे म्हणे ते अक्षर.
हवालदाराच्यातही आहे.
फॉर्मात तेवढं बसत नाही.